कूलंटची लाईट पेटते पण बाटली तर भरलेली आहे, मग बघायचं काय?

आमच्या गाडीची कूलंट लेव्हलची लाईट अख्खा पावसाळा त्रास देत होती. कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, बॉनेटखालच्या प्लास्टिकच्या बाटलीत त्याची लेव्हल दिसते. आता ते मिटलंय, कारण सापडलं, पार्ट बदलला, आणि लाईट जेव्हा पेटायला हवी तेव्हाच पेटते. पण मधल्या काळात इतक्या लोकांनी इतके वेगवेगळे सल्ले दिले आणि त्यातले काही इतके धोक्याचे होते की हे सगळं एकदा नीट लिहून काढावं असं फार वाटत होतं. साताऱ्यातल्या माणसाची गाडी कुठल्या ना कुठल्या घाटात जातेच, कासला जायचं तर यवतेश्वर, महाबळेश्वरला मेढ्यावरून गेलं तर केळघर, वाईवरून गेलं तर पसरणी, आणि पुण्याहून घरी यायचं म्हटलं की खंबाटकी लागतोच. सुट्टीच्या दिवशी खंबाटकीत बॉनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या गाड्या आपण सगळ्यांनीच बघितल्यात. म्हणून सांगतोय, ही लाईट हलक्यात घेऊ नका, आणि ती खोटी बोलतीये असं कळलं तरी तिचा गळा दाबू नका.

आधी पेटलेली लाईट नक्की कुठली आहे ते बघा. टेंपरेचरची लाईट वेगळी आणि लेव्हलची वेगळी. टेंपरेचरवाली सांगते इंजिन तापलंय, लेव्हलवाली सांगते बाटलीत कूलंट कमी झालंय. काही गाड्यांत दोन्हीला चित्र एकच असतं, फक्त रंग बदलतो किंवा ते लुकलुकायला लागतं, म्हणून गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडून खात्री करायची. आणि आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना लेव्हलचा सेन्सर नसतोच, तिथे बॉनेट उघडून डोळ्यांनी बघणं हाच सेन्सर.

आमच्या सासऱ्यांनी आयुष्यभर टेंपो चालवला, त्यांचं म्हणणं एकच, "जावईबापू, काटा मधे आहे ना, मग गाडी थंड आहे, त्या लाईटचं काय घेऊन बसलाय." मामांचा अनुभव मोठा आहे आणि मी त्यांचं बरंच ऐकतो, पण या एका बाबतीत मला त्यांना समजावून सांगावं लागलं. टेंपरेचरचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कूलंट गळून गेलं आणि सेन्सरचं टोक नुसत्या हवेत किंवा वाफेत राहिलं तर आत हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, तापत असतं आणि काटा मात्र निवांत मधे असू शकतो. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांचा काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की ठरावीक टप्प्यातलं तापमान कमी-जास्त झालं तरी तो मधून हलत नाही, लोक उगाच घाबरू नयेत म्हणून. म्हणजे काटा हलायला लागतो तेव्हा बऱ्यापैकी उशीर झालेला असतो. लेव्हलची लाईट त्याच्या आधी सांगते. इंजिन तापायच्या आधी सांगणारी गाडीत बहुतेक एवढी एकच गोष्ट आहे.

आता आमच्या गाडीचं. दहा वर्षं जुनी डिझेल गाडी, सेकंड हॅंड घेतलेली. सुरुवातीला व्हायचं असं की सकाळी गार असताना स्टार्ट केली की लाईट पेटायची, पोवई नाक्यापर्यंत जाईपर्यंत विझायची, दिवसभर काही नाही. नंतर यवतेश्वर घाटात उजवीकडच्या वळणांवर पेटायला लागली, वळण संपलं की बंद. गावात सपाटीला कधीच नाही. बाटलीत बघितलं तर कूलंट मिन आणि मॅक्सच्या मधे व्यवस्थित.

सकाळी पेटून नंतर विझणं हे दिसायला सेन्सरचं नाटक वाटतं, पण तसं असेलच असं नाही. कूलंट गार झालं की आकसतं, तापलं की फुगतं, त्यामुळे लेव्हल अगदी काठावर असेल तर गार असताना रेषेच्या खाली आणि गरम झाल्यावर वर असं होऊ शकतं, आणि तेव्हा लाईट खरंच बोलत असते. वळणाचंही तसंच, वळणावर आणि चढावर कूलंट बाटलीत एका बाजूला जातं. म्हणून पहिली तपासणी काय, तर रात्रभर उभी राहिलेली गार गाडी, सपाट जागा, आणि बाटलीवरची रेष. सपाट जागा हे साताऱ्यात वाटतं तेवढं सोपं नाही, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं गाव, गल्ल्या सगळ्या उताराच्या, आमच्या दारात गाडी लावली की पुढचं तोंड खाली. तिथे लेव्हल बघून काही कळत नाही. मी मग सकाळी इंजिन तापायच्या आत जवळच्या पंपावर हवा भरतात तिथे नेऊन बघायचो. बाटलीवर मार्करने बारीक रेघ मारून तारीख लिहून ठेवली. बाटली जुनी होऊन पिवळी पडली असेल तर बाहेरून लेव्हल दिसत नाही, तेव्हा मागून टॉर्च मारायचा.

इंजिन गरम असताना कूलंटच्या बाटलीचं झाकण उघडायचं नाही, हे शंभरदा सांगितलं तरी कमी आहे. झाकणाखाली प्रेशर असतं, बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ ते दीड बार जास्त. अर्धं कूलंट अर्धं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशाला उकळतं, पण प्रेशरखाली ते १२५च्या पुढे गेलं तरी उकळत नाही, आणि झाकण फिरवलं की प्रेशर जातं आणि त्याच क्षणी ते सगळं उकळून तोंडावर येतं. आणि आपण वर गेलो की अजून एक गोष्ट बदलते, महाबळेश्वर साधारण १३७० मीटरवर, तिथे साधं पाणी ९५ अंशाच्या आसपासच उकळतं. झाकणाचं रबर गेलं असेल आणि प्रेशर धरत नसेल तर गावात चांगली चालणारी गाडी वर गेल्यावर उकळते ती यामुळेच. झाकण फार महागाचा पार्ट नाही, शंका आली तर बदलून टाका.

लेव्हल बरोबर निघाली तरी लगेच सेन्सरवर घसरायचं नाही. कारण बाटली भरलेली दिसते आहे याचं कारण कुणीतरी हळूच टॉप अप करतंय हेही असू शकतं. सर्व्हिसिंगला टाकली की तिथे भरून देतात, आपल्याला सांगत नाहीत, आणि गळती चालूच राहते. म्हणून ती मार्करची रेघ. काही आठवडे लेव्हल त्या रेघेवरून हलली नाही तर गळती नाही असं म्हणता येतं. त्याच्या जोडीला गाडीखाली रात्री पुठ्ठा टाकून ठेवायचा. एसीचं पाणी पडतं ते स्वच्छ असतं, वास नसतो, कूलंटचा थेंब रंगीत, बोटाला बुळबुळीत आणि वास गोडसर. होज पाईपच्या क्लिपांजवळ वाळलेला रंगीत किंवा पांढरट थर दिसतो का, वॉटर बॉडीच्या, म्हणजे कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या, खालच्या बारीक भोकातून ओघळ आलाय का, पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं आहे का, काचेवर आतून चिकट धुकं धरतं का, हे सगळं बघायचं. हीटरचा छोटा रेडिएटर आत गळत असला की बाहेर जमिनीवर एक थेंब पडत नाही, आणि लोक महिनोन्‌महिने शोधत बसतात. सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि बाटलीत सारखे बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटचा, म्हणजे हेडखालच्या सीलचा, संशय घ्यायचा, मग ही पोस्ट सोडून सरळ चांगल्या मिस्त्रीकडे जायचं.

सगळ्यात खात्रीचं म्हणजे प्रेशर टेस्ट. झाकणाच्या जागी हातपंप बसवतात, झाकणावर जेवढं प्रेशर लिहिलंय तेवढं भरतात आणि गेज खाली येतंय का बघत थांबतात. गार गाडीवर करायचं. बाटलीच्या जोडावर केसासारखी बारीक चीर असली तर ती एरवी दिसत नाही, प्रेशर दिलं की ओघळ येतो. आमच्या गाडीचं गेज जागचं हललं नाही. म्हणजे गळती नव्हती हे नक्की झालं, आणि मगच मी सेन्सरकडे वळलो.

पण त्याच्या आधीच एका गॅरेजमध्ये सेन्सर बदलून झाला होता. लाईट पेटते म्हणजे सेन्सर गेला, एवढाच विचार, नवीन सेन्सर बसवला, बिल झालं, आणि पुढच्याच रविवारी कासला जाताना त्याच वळणावर लाईट पेटली. का पेटली हे कळायला तो सेन्सर आतून चालतो कसा हे माहीत पाहिजे आणि मला वाटतं गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा समजून घ्यावं, अवघड काहीच नाही.

आमच्या गाडीसारख्या बऱ्याच गाड्यांत बाटलीत एक फ्लोट असतो, घरावरच्या सिंटेक्सच्या टाकीत बॉल असतो ना तसा तरंगणारा, फक्त छोटा आणि त्यात लोहचुंबक बसवलेलं. बाटलीच्या तळातून एक पोकळ दांडी वर आलेली असते, फ्लोट त्या दांडीभोवती वर-खाली होतो. दांडीच्या आत, म्हणजे बाटलीच्या बाहेरून, सेन्सर खालून घुसवलेला असतो. सेन्सर म्हणजे काय तर काचेची बारीक नळी आणि तिच्यात दोन पातळ पट्ट्या, त्याला रीड स्विच म्हणतात. चुंबक जवळ आलं की पट्ट्या एकमेकींना चिकटतात, लांब गेलं की सुटतात. बास एवढंच. कूलंटला सेन्सरचा हातही लागत नाही, तो फक्त चुंबक कुठे आहे ते सांगतो. म्हणजे फ्लोटच जर नीट तरंगत नसेल तर सेन्सर कितीही नवीन घाला, तो बिचारा खरंच सांगत असतो की फ्लोट खाली आहे.

दुसरा प्रकार दोन पिनांचा. फोक्सवॅगन, स्कोडाच्या गाड्यांत तो बघायला मिळतो. बाटलीत दोन धातूच्या पिना असतात, कूलंटमधून थोडा करंट एका पिनेतून दुसरीत जातो, लेव्हल खाली गेली की पिना उघड्या पडतात आणि रस्ता तुटतो. या प्रकारात फ्लोट नाही त्यामुळे अडकण्याचा प्रश्न नाही, पण पिनांवर थर बसला की करंट जात नाही आणि भरलेल्या बाटलीवर लाईट पेटते. अजून एक, घरातलं आरओचं किंवा नुसतं डिस्टिल्ड वॉटर भर भर भरलं की कूलंट इतकं पातळ होतं की करंट नीट जात नाही, तरीही लाईट पेटू शकते. तिथे सेन्सर बदलून उपयोग नाही, योग्य प्रमाणात कूलंट भरावं लागतं. आणि कुणी बोअरचं पाणी घालत असेल तर त्याला हात जोडून थांबवा, भांडं तापवलं की पांढरा थर बसतो ते पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत काय करत असेल.

तर फ्लोटवाल्या गाडीत तपासायचं कसं. मी आधी गार गाडीत बरोबर मॅक्सपर्यंत कूलंट भरलं आणि मुद्दाम त्याच घाटात त्याच वळणांवर गेलो. हे महत्त्वाचं आहे, कारण नुसती लेव्हल काठावर असती तर मॅक्सपर्यंत भरल्यावर लाईट बंद व्हायला हवी होती. झाली नाही. बायको शेजारी बसली होती, छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून फोनवर टेंपरेचर वाचत होती, मी चालवत होतो. थर्मोस्टॅट, म्हणजे गरम कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप, साधारण ८५-९०च्या आसपास उघडतो, चढाला आकडा थोडा वर जाऊन परत खाली येत होता, आणि लाईट आपली वळणावर पेटत विझत होती. "अहो, आत्ता आकडा हललाच नाही आणि लाईट तर पेटली," असं ती म्हणाली तेव्हा मला बऱ्यापैकी खात्री झाली की गोष्ट फ्लोटची नाहीतर वायरिंगची आहे. स्वस्तातल्या स्कॅनरवर या लाईटचा कोड बहुतेक वेळा दिसत नाही हेही सांगून ठेवतो, कारण ही वायर इंजिनच्या कंप्युटरकडे न जाता डॅशबोर्डवरच्या मीटरकडे किंवा बॉडीच्या मॉड्यूलकडे (दिवे, दरवाजे सांभाळणारा वेगळा कंप्युटर) जाते, त्यामुळे स्कॅनरने नो फॉल्ट दाखवलं म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका.

मग वायरिंग. बाटलीखालचा कनेक्टर काढून बघितला. पावसात आपल्याकडे कनेक्टरमध्ये ओल जाते, तांब्यावर हिरवा कळंक चढतो आणि मग कधी कॉन्टॅक्ट मिळतो कधी नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारायचा, वाळू द्यायचं, पॉलिश पेपरने घासायचं नाही कारण पिनांवरचा मुलामा जातो. मग चावी ऑन ठेवून वायर हाताने हळू हळू हलवत जायची, कुठल्या जागी लाईट लुकलुकते ते बघायचं. आणि उंदीर! पार्किंगमध्ये कणगी-पोती असतील, शेजारी ऊस नाहीतर भुईमूग असेल तर उंदीर बॉनेटखाली येणारच, आणि त्यांना नेमक्या बारीक वायरीच आवडतात. वायर आतून तुटलेली आणि वरून नुसती कुरतडल्यासारखी दिसणारी, असं असू शकतं. आमच्याकडे वायर चांगली निघाली, कनेक्टरही.

आता मल्टीमीटर. चावी बंद, कनेक्टर काढलेला, मीटर कंटिन्यूटीवर (रस्ता जोडलेला असला की बीप वाजतो ती सेटिंग), सेन्सरच्या दोन पिनांवर दोन टोकं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, काही गाड्यांत बाटली भरलेली असताना स्विच जोडलेला असतो, काहींत उलटं, काहींत आत रेझिस्टर असतो. त्यामुळे बीप वाजला म्हणजे चांगला असं काही नाही. फ्लोट वर असताना एक रीडिंग आणि खाली असताना वेगळं रीडिंग येतंय का एवढंच बघायचं. बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर खालून फिरवून सुटतो आणि कूलंटचा थेंबही पडत नाही, कारण तो कोरड्या दांडीत असतो, पण काही गाड्यांत तो थेट बाटलीच्या आत जातो आणि काढला की सगळं कूलंट हातावर. आधी माहिती घ्या मग फिरवा. सेन्सर हातात आल्यावर फ्रिजवरचं चुंबक जवळ नेलं-लांब नेलं, रीडिंग प्रत्येक वेळी बदललं. नवीन सेन्सरही चांगला होता आणि जुना ठेवून घेतला होता तोही चांगला निघाला. म्हणजे बदलायची गरजच नव्हती.

राहिला फ्लोट. संध्याकाळी अंधार झाल्यावर बाटलीमागे टॉर्च धरला आणि आतली सावली बघितली. फ्लोट कूलंटच्या वर यायला हवा होता, तो निम्म्याहून जास्त बुडालेला होता आणि तिरका दांडीला टेकलेला. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने बाटलीला हलक्या टिचक्या मारल्या तर थोडा वर आला, चावी ऑन केली तर लाईट बंद. गाडी जरा हलवली की परत खाली. आणि बाटलीच्या कडेला तपकिरी, जेलीसारखा थर. आधीच्या मालकाच्या काळात कधीतरी गुलाबी कूलंटवर हिरवं ओतलं गेलं असणार. रंग बघून कूलंट भरायचं नसतं हे लोकांना माहीत नसतं. रंगाचं कुठलंही पक्कं स्टॅंडर्ड नाही, एका कंपनीचं लाल दुसऱ्या कंपनीच्या लालसारखं असेलच असं नाही, आतली केमिकल वेगळी असतात, चुकीची एकत्र आली तर गाळ होतो आणि तो फ्लोटवर, रेडिएटरात, हीटरात जाऊन बसतो. डब्यावरचं स्पेसिफिकेशन गाडीच्या पुस्तकाशी जुळवून बघायचं.

मग फ्लश केलं. जुनं काढून डिस्टिल्ड वॉटर भरायचं, हीटर फुल गरमवर ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवायचं, गार होऊ द्यायचं, काढायचं, स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच परत परत. शेवटी नवीन कूलंट, एअर काढायचा स्क्रू असेल तर त्यातून हवा काढून घ्यायची. फ्लशनंतर दुसऱ्या दिवशी लाईट पेटली तर लगेच हताश होऊ नका, आत अडकलेली हवा बाहेर आली की लेव्हल खाली जाते, टॉप अप करून बघायचं. आमची लाईट काही दिवस गेली आणि परत आली. गाळ निघाला होता पण फ्लोटच पाणी प्यायला होता. वर्षानुवर्षं गरम कूलंटमध्ये राहून त्याच्या आत कूलंट शिरलेलं, तो जड झालेला. आमच्या गाडीत फ्लोट वेगळा मिळत नाही, बाटलीच नवीन घ्यावी लागते.

आणि इथेच ती गोष्ट आली जिच्यासाठी मी हे एवढं लिहितोय. बाटली साताऱ्यात लगेच मिळेना, चासी नंबर देऊन पुण्याहून मागवायची होती, थांबावं लागणार होतं. एका ओळखीच्या मिस्त्रीने, माणूस कामाचा आहे आणि मनाने चांगला आहे, सहज सांगितलं, "साहेब, कशाला बाटलीला पैसे घालताय, दोन वायरी जोडून डायरेक्ट करून टाकतो, परत लाईट दिसायची न्हाय बगा." मी नाही म्हटलं. त्याला वाईट वाटू नये म्हणून तिथेच त्याच्याशी चहा घेत सविस्तर बोललो, आणि तो म्हणाला की लोक स्वतःहून येऊन डायरेक्ट करून मागतात, रोजचं काम आहे हे.

हे रोजचं काम आहे हेच मला भीतीदायक वाटतं. ही गाडी मी एकटा चालवत नाही. बायको शाळेसाठी मेढ्याला जाते, मुलाने नुकतंच लायसन्स काढलंय. उद्या ही गाडी कुणीतरी विकत घेईल. डायरेक्ट केलेली वायर कुणालाच दिसत नाही, मीटरवर सगळं छान असतं. मग एखाद्या दिवशी होज फुटतो, केळघरच्या चढाला दहा मिनिटांत कूलंट रस्त्यावर जातं, लाईट गप्प, काटा मधे. आजच्या इंजिनांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, ते तापलं की वाकतं, गॅस्केट जातं, आणि कधीकधी इंजिनच सीझ होतं, म्हणजे आतून जाम होतं. घाटात, पावसात, धुक्यात, मोबाईलला रेंज नसताना. बाटलीच्या किमतीची आणि या सगळ्याची तुलनाच होत नाही. ज्यांनी डायरेक्ट करून घेतलंय त्यांना मी मनापासून सांगेन, या आठवड्यात जाऊन ते काढून घ्या. पार्ट येईपर्यंत थांबायचं असेल तर लाईट पेटू द्या, रोज सकाळी बॉनेट उघडून रेघ बघा. आम्ही तेच केलं, आणि त्या काळात बायको मेढ्याला एसटीने गेली.

आणि खरीच पेटली तर काय करायचं हेही घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगून ठेवा. काटा चढत असेल किंवा वाफ दिसली तर एसी बंद, हीटर फुल, आणि पहिली सुरक्षित जागा मिळेल तिथे कडेला. बोगद्यात थांबायचं नाही, बाहेर काढून थांबवायची. इंजिन बंद, बॉनेट उघडायचं पण झाकणाला हात नाही, चांगला अर्धा-पाऊण तास तरी जाऊ द्यायचा आणि वरचा होज पाईप हाताला गार लागल्याशिवाय काही करायचं नाही. जवळ कूलंट नसेल तर अडचणीत साधं पिण्याचं पाणी चालतं, पण गावात पोचल्यावर ते काढून नीट कूलंट भरून घ्यायचं. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतायचं नाही.

नवीन बाटली आली, बसवली, लाईट गेली. पण लाईट गेली म्हणजे काम झालं असं मी धरत नाही, कारण डायरेक्ट केल्यावरही ती जातेच. म्हणून गार गाडीत झाकण उघडून मोठ्या सिरिंजला पाईप लावून बाटलीतलं कूलंट स्वच्छ बरणीत काढत गेलो, मिनच्या खाली गेलं तसं चावी ऑन केली आणि लाईट पेटली. काही गाड्यांत ती पेटायला थोडा वेळ लागतो, काहींत एकदा पेटली की चावी बंद करून परत लावेपर्यंत जात नाही, तेवढं थांबा. मग तेच कूलंट परत ओतलं, चावी परत लावली, लाईट बंद. सेकंड हॅंड गाडी घेताना तिला लेव्हलचा सेन्सर असेल तर मालकासमोर हीच टेस्ट करून मागा, डायरेक्ट केलेली असेल तर लगेच कळतं.

फ्लशमधून निघालेलं जुनं कूलंट गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. त्यात बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड, आणि कुत्र्या-मांजरांनी थोडं जरी चाटलं तरी किडनी जाऊन मरतात. लहान मुलांनाही घातक. आम्ही ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर मोठ्या अक्षरात लिहून, माळ्यावर ठेवलं होतं आणि पुढच्या सर्व्हिसिंगला वर्कशॉपमध्ये जुन्या ऑईलबरोबर जमा केलं, ते घेतात, आधी फोन करून विचारा.

बाटली मागवताना नुसतं मॉडेल सांगू नका, चासी नंबर द्या, कारण एकाच मॉडेलमध्ये सेन्सरवाली आणि बिनसेन्सरची अशा दोन्ही बाटल्या येतात आणि बाहेरून त्या जवळजवळ सारख्याच दिसतात.